पुण्यात बसून परराष्ट्र सेवेची तयारी

पासपोर्टच्या आत एक विनंती छापलेली असते. ती भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने, जगात ज्या कोणाशी संबंध येईल त्या सगळ्यांना केलेली आहे: हा पासपोर्ट बाळगणाऱ्याला विनाअडथळा जाऊ-येऊ द्या आणि त्याला गरज लागेल ती मदत व संरक्षण द्या. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बोटांचे ठसे देऊन आलो की काही दिवसांनी पोस्टमन पासपोर्ट घरी आणून देतो. आपण नावाचं स्पेलिंग तपासतो आणि तो कपाटात ठेवून देतो. त्या विनंतीला परदेशात वजन यावं म्हणून देशाने जी माणसं नेमलेली असतात, त्यांच्या कामाला आपण राजनय किंवा डिप्लोमसी म्हणतो.

बारावी झालेली, एफवाय-एसवायला असलेली मुलं-मुली मला विचारतात, ‘डिप्लोमॅट व्हायचंय, काय करू?’ त्यांना बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: यूपीएससी कर. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून हे काम काय असतं ते कळत नाही. मग पेठेतल्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षं घालवल्यावर, सर्व्हिसचा पसंतीक्रम भरायच्या दिवशी, मुलं पहिल्यांदा विचार करतात की परराष्ट्र सेवा वर टाकावी की खाली. माझं आग्रहाचं सांगणं असं की आधी काम समजून घ्या आणि त्याची तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरू करा. परीक्षा त्याच तयारीवर बसवता येते. शिवाय परीक्षेत यश आलं नाही, तरी ती तयारी वाया जात नाही.

राजदूतावासाने काय करायचं हे 1961 च्या व्हिएन्ना करारात लिहिलेलं आहे. आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करायचं, देशाच्या आणि देशवासीयांच्या हिताचं रक्षण करायचं, वाटाघाटी करायच्या, त्या देशात काय चाललंय ते कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन मायदेशी कळवायचं आणि दोन देशांतले संबंध वाढवायचे. यातलं चौथं काम पुण्याला नवं नाही. पेशव्यांचे वकील, म्हणजे दरबारातले दूत, दिल्लीत हिंगणे होते, निजामाच्या दरबारात गोविंदराव काळे होते. दरबारात कोण कोणाला भेटलं, फौज कुठे हलली, कोणाचं मन कुठे फिरतंय, हे ते पुण्याला सविस्तर लिहून पाठवत. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट मुळा-मुठेच्या संगमाजवळ राहून हेच काम उलट बाजूने करत होता. आज ते काम सांकेतिक संदेशातून जातं, पण चांगल्या वकिलाची कसोटी बदललेली नाही: पाहिलं ते नेमकं लिहिता आलं पाहिजे, आणि आपल्या वरिष्ठांना न आवडणारी बातमीसुद्धा लिहिता आली पाहिजे.

रक्षण म्हणजे काय, याचं अलीकडचं उदाहरण युक्रेनचं. 2 मार्च 2022 रोजी खारकीव्हवर हल्ले चालू होते आणि शहरात भारतीय विद्यार्थी अडकले होते. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं त्या काळात युक्रेनमध्ये एमबीबीएस करत होती. त्या दिवशी आपल्या दूतावासाने सूचना काढली: ताबडतोब खारकीव्ह सोडा आणि स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्का गाठा. थोड्याच वेळात दुसरी सूचना आली. गाडी किंवा बस मिळत नसेल तर पायी निघा. पिसोचिन 11 किलोमीटर, बाबाई 12, बेझल्युदिव्का 16.

ही सूचना काढायला काय काय लागलं असेल ते पाहा. रशियाकडून मिळालेल्या माहितीवर ती आधारलेली होती, म्हणजे हल्ला करणाऱ्या बाजूशी बोलणं चालू असलं पाहिजे. मुलं चालत जाणार होती युक्रेनच्या हद्दीतून, म्हणजे युक्रेनशीही बोलणं चालू पाहिजे. पुढे सीमा ओलांडायच्या होत्या पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, मोल्दोव्हाच्या, म्हणजे या पाच देशांची परवानगी पाहिजे. पश्चिमेकडच्या ल्वीव आणि चेर्निव्हत्सी या शहरांत उघडलेल्या तात्पुरत्या छावण्यांवर रशियन बोलणारे अधिकारी मुद्दाम पाठवले गेले, कारण ड्रायव्हरशी, स्टेशनमास्तरशी, नाक्यावरच्या शिपायाशी इंग्रजी चालत नाही. सुमी शहरातले सुमारे सातशे विद्यार्थी 8 मार्चला बसमधून पोल्टाव्हाकडे निघाले, तेव्हा कुठे घराघरांत लोकांनी श्वास सोडला. त्या मोहिमेत एकूण साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले.

टीव्हीवर दिसतात ती हस्तांदोलनं. त्यांच्या मागे असतात फोन, याद्या, परवानग्या, भाषा आणि अचूक मजकूर. ज्याला या मागच्या कामात रस वाटतो, त्याने या वाटेला जावं.

एक फरक सुरुवातीलाच समजून घ्यायला हवा, कारण तिथे बऱ्याच मुलांचा गोंधळ होतो. देशाचा राजनैतिक अधिकारी होणं आणि संयुक्त राष्ट्रांसारख्या संघटनेत काम करणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. पहिल्यात तुम्ही भारताची बाजू मांडता. दुसऱ्यात तुम्हाला भारताची बाजू घ्यायलाच बंदी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 100 सांगतं की तिथल्या कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून सूचना घ्यायच्या नाहीत. दोन्ही कामं मोठी आहेत, पण स्वभाव वेगळा लागतो आणि प्रवेशाचं दारही वेगळं आहे.

देशाच्या सेवेचं मुख्य दार म्हणजे यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. त्याबद्दल पुण्यात सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. पदवी हवी, कोणत्याही शाखेची. वय खुल्या गटासाठी 21 ते 32, अटेम्प्ट सहा. आरक्षित गटांना वयात आणि अटेम्प्टमध्ये सवलत आहे. पूर्वपरीक्षा चाळणीची. मुख्य परीक्षेचे गुणवत्तेत धरले जाणारे गुण 1750, मुलाखतीचे 275, एकूण 2025. परराष्ट्र सेवेच्या जागा गेल्या काही वर्षांत साधारण पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान राहिल्या आहेत. खर्चाची अडचण असेल तर यशदा या राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेतलं स्पर्धा परीक्षा केंद्र, बार्टी (अनुसूचित जातींसाठी) आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) या सरकारी संस्थांच्या योजना आधी पाहाव्यात. बार्टी आणि सारथीची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत.

निवड झाल्यावर काय होतं हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. आधी मसुरीच्या अकादमीत सगळ्या सेवांबरोबर पायाभूत प्रशिक्षण. मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत आंतरराष्ट्रीय संबंध, कायदा, व्यापार, राजशिष्टाचार. मधल्या काळात लष्कराच्या एखाद्या तुकडीबरोबर काही दिवस, एखाद्या राज्यात काही दिवस. त्यानंतर प्रत्येकाला एक परकी भाषा दिली जाते. अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी, जर्मन, फारसी अशांपैकी एक. ती भाषा बोलली जाते त्या देशात थर्ड सेक्रेटरी म्हणून पाठवतात, आणि भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पुढे सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, कौन्सेलर अशा पायऱ्या. मधून मधून दिल्लीत मंत्रालयात बदली.

ही भाषा पुढच्या तीस वर्षांची दिशा बऱ्याच अंशी ठरवते. पुण्याशी नातं असलेले दोन अधिकारी पाहा. 2018 ते 2020 या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले आणि भूतान, पाकिस्तान, चीन या तिन्ही ठिकाणी भारताचं प्रतिनिधित्व केलेले, गोखले इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले गौतम बंबावाले. दोघांची भाषा चिनी, आणि दोघेही पुढे बीजिंगमध्ये भारताचे राजदूत झाले.

आता पुण्याकडे येतो, कारण इथल्या विद्यार्थ्याच्या हाताशी जे आहे ते फार थोड्या शहरांत एका बसच्या अंतरावर मिळतं.

पहिली गोष्ट भाषा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज. जपानी शिकवणारे वर्ग तर पेठापेठांत आहेत आणि जपानीची जेएलपीटी परीक्षा पुण्यात देता येते. बहुतेक मुलं या भाषा आयटी आणि वाहन उद्योगातल्या नोकरीसाठी शिकतात, त्यात काहीच गैर नाही. पण राजनयाचा विचार असेल तर निवड वेगळ्या हिशेबाने करा. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, अरबी, चिनी. सचिवालयाचं रोजचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेकडे ओढा असेल तर माझं मत फ्रेंचला. भारताच्या सेवेकडे ओढा असेल तर कोणतीही एक घ्या, कारण पुढे सरकार देईल ती शिकायचीच आहे. पण एक परकी भाषा बी-वन पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येतील इतपत, शिकलेल्या माणसाला दुसरी शिकताना भीती वाटत नाही, आणि ती सवय मोलाची आहे. एका सेमिस्टरला एक सर्टिफिकेट या वेगाने तीन भाषांची तोंडओळख करून घेण्यात काही राम नाही.

दुसरी गोष्ट लिहिणं. कॉलेजांमध्ये मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणजे एमयूएनच्या स्पर्धा जोरात असतात. सूट घालून एखाद्या देशाच्या वतीने बोलायला मिळतं, धीटपणा येतो, ते चांगलंच आहे. पण खऱ्या परिषदेत भाषणाला जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट मजकुरावर जातो. मसुद्यातल्या ज्या शब्दांवर एकमत झालेलं नसतं ते चौकटी कंसात ठेवतात आणि मग रात्र रात्र बसून एकेक कंस सोडवतात. पॅरिसचा हवामान करार 12 डिसेंबर 2015 ला मंजूर होताना शेवटची बैठक लांबली, कारण विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीबद्दलच्या वाक्यात ‘शुड’च्या जागी ‘शॅल’ छापलं गेलं होतं. ‘शॅल’ म्हटलं की कायद्याचं बंधन आलं, आणि ते अमेरिकेला मान्य होण्यासारखं नव्हतं. ती छपाईची चूक मानून शब्द बदलला, तेव्हा करार झाला. जगातल्या जवळपास सगळ्या देशांचा करार एका क्रियापदावर अडू शकतो, ही जाणीव ज्याला लवकर होते त्याच्या लिहिण्यात फरक पडतो.

ही सवय घरी बसून लावता येते. एक विषय घ्या आणि मंत्र्यांना बैठकीआधी द्यायचं असतं तसं एक पानाचं टिपण लिहा. मी मुलांना कांद्याचा विषय देतो, कारण तो लासलगावपासून ढाक्यापर्यंत पोचतो. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि ती 4 मे 2024 ला उठवली. उठवतानाही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के निर्यात शुल्क ठेवलं. मधल्या काळात बांगलादेश, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन आणि मॉरिशस या सहा देशांना मिळून 99,150 टन कांदा पाठवायची मुभा दिली होती. हे आकडे निर्यातीचे दिसतात, पण प्रत्येकामागे त्या देशाची विनंती आहे. त्याआधी 2019 मध्ये अशीच अचानक बंदी आली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या कार्यक्रमात सांगितलं होतं की आपण स्वयंपाक्याला कांदा न घालताच जेवण करायला सांगितलंय, आणि बंदीची आगाऊ कल्पना दिली असती तर बरं झालं असतं. ते हसत हसत सांगितलं, पण तक्रार खरी होती.

आता समजा तुम्ही परराष्ट्र मंत्रालयात बांगलादेशचं काम बघणाऱ्या विभागात आहात आणि उद्या बैठक आहे. टिपणात काय लिहाल? ढाक्याला काय हवंय आणि का. आपल्याला त्या बैठकीत त्यांच्याकडून दुसरं काय हवंय. कांदा निर्यातीला सोडला तर दिल्लीच्या बाजारात आणि रोखला तर नाशिकच्या शेतकऱ्यावर काय परिणाम. वाणिज्य मंत्रालय आणि ग्राहक व्यवहार मंत्रालय काय म्हणतंय. आणि मंत्र्यांनी कोणतं आश्वासन चुकूनही देऊ नये. हे सगळं एका पानात. पहिल्या टिपणात मुलं नेहमी इतिहास लिहितात, 1971 पासून सुरुवात करतात आणि पान संपतं. पाच-सहा टिपणांनंतर इतिहास एका ओळीवर येतो. एवढं झालं की मेन्सच्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या प्रश्नाला दोनशे-अडीचशे शब्दांत उत्तर लिहिणं जड जात नाही. माहिती कुठून मिळवायची हा प्रश्नही उरलेला नाही. मंत्रालयाच्या प्रवक्त्यांची दर आठवड्याची पत्रकार परिषद, संसदेतली प्रश्नोत्तरं आणि भारताने केलेले करार हे सगळं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.

तिसरी गोष्ट, एक विषय खोलवर यायला हवा. कायद्याची मुलं इथे नशीबवान आहेत. पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून पकडून फाशीची शिक्षा सुनावलेले भारतीय कुलभूषण जाधव यांचा खटला आठवा. अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांनी भेटण्याचा हक्क 1963 च्या वाणिज्यदूतविषयक व्हिएन्ना कराराच्या कलम 36 मध्ये आहे. पाकिस्तानने तो नाकारला. 2008 च्या भारत-पाकिस्तान द्विपक्षीय करारामुळे सुरक्षेच्या प्रकरणात तो नाकारता येतो, असं पाकिस्तानचं म्हणणं होतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 ला ते फेटाळलं, कलम 36 चा भंग झाल्याचं सांगितलं आणि शिक्षेचा फेरविचार करायला लावलं. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे नागपूरचे. पण त्यांच्या मागे परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांचं काम होतं, आणि त्या मंत्रालयात विधी आणि करार विभाग नावाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथली कायदा अधिकाऱ्यांची भरती नागरी सेवा परीक्षेपेक्षा वेगळी, पण यूपीएससीमार्फतच होते. लॉ कॉलेज रस्त्यावर शिकणाऱ्या किती मुलांना हे माहीत असतं? अर्थशास्त्राच्या मुलांना व्यापार वाटाघाटी, विद्यापीठातल्या संरक्षण आणि सामरिकशास्त्र विभागातल्या मुलांना शस्त्रनियंत्रण आणि सीमाप्रश्न, विज्ञानाच्या मुलांना हवामान आणि अवकाश. विषय कोणताही असो, त्यात दहा मिनिटं प्रश्नांना तोंड देता आलं पाहिजे. पुणे इंटरनॅशनल सेंटर आणि परराष्ट्र मंत्रालय मिळून पुण्यात एशिया इकॉनॉमिक डायलॉग भरवतात. शक्य असेल तेव्हा अशा ठिकाणी जाऊन तज्ज्ञांचे मतभेद कुठे होतात ते ऐकावं.

मुख्य दार उघडलं नाही तर काय, याचा विचार आधीच केलेला बरा. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं आणि त्या पदावरून परदेशी पोस्टिंग मिळतात. आपल्याकडे एमपीएससीच्या गर्दीत ही वाट दुर्लक्षित राहते. मंत्रालय विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन इंटर्नशिपही देतं. संयुक्त राष्ट्रांचा यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम 32 वर्षांपर्यंतच्या पदवीधरांसाठी असतो, पण सचिवालयात ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्याच नागरिकांना तो खुला असतो आणि ती यादी दरवर्षी बदलते; म्हणून अर्ज करण्याआधी यादीत भारत आहे का ते पाहावं. तिथली इंटर्नशिप बिनपगारी असते, जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कचं भाडं स्वतःच्या खिशातून जातं, हेही घरी सांगून ठेवा. युनो व्हॉलंटिअर्सची वाट त्यापेक्षा बरी, कारण तिथे राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो.

लातूर, नंदुरबार, सांगोल्याहून आलेली मुलं हळू आवाजात विचारतात तो प्रश्न इंग्रजीचा असतो. मेन्स मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते, आणि मराठी शाळेत शिकलेली माणसं राजदूत झालेली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत होते. म्हणून मराठीत विचार करा, मराठीत मुद्दे काढा, परीक्षाही खुशाल मराठीतून द्या. पण नोकरीतलं रोजचं लिहिणं बरंचसं इंग्रजीत असतं, तेव्हा आठवड्याचं एक टिपण इंग्रजीत लिहायची सवय आत्तापासून लावा. उच्चार गावाकडचे असले तरी कोणाचं काही अडत नाही. वाक्य संदिग्ध असलं तर अडतं.

मुलींच्या घरून वेगळे प्रश्न येतात. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये या सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या काळी महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे आणि लग्नानंतर नोकरी जाऊही शकत असे. बढती नाकारल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या भेदभावावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि तोवर सरकारलाही लग्नाच्या परवानगीचा नियम मागे घ्यावा लागला होता. आज नियमाची अडचण नाही. दर दोन-तीन वर्षांनी देश बदलतो, जोडीदाराची नोकरी कुठे बसवायची, मुलांची शाळा कशी लावायची, आई-वडील आजारी पडले तर किती तासांत पोचता येईल, हे प्रश्न मात्र खरे आहेत, आणि ते मुलग्यांनाही तेवढेच लागू आहेत.

पसंतीक्रमाबद्दल एक नियम लक्षात ठेवा. आयएएस किंवा आयएफएसमध्ये, म्हणजे परराष्ट्र सेवेत, नेमणूक होऊन त्या सेवेत असलेल्याला नागरी सेवा परीक्षा पुन्हा देता येत नाही. ‘आधी परराष्ट्र सेवेत जातो, नाही जमलं तर पुढच्या वर्षी आयएएससाठी बसतो’ हा हिशेब तिथे चालत नाही. म्हणून फॉर्म भरण्याच्या दिवसाची वाट न पाहता, मेन्सच्या आधीच एकदा घरच्यांसोबत बसा आणि वरचे प्रश्न एकेक करून बोलून घ्या.